धुऱ्यापलीकडून येणारा पाढा

या वर्षी आमच्या घरामागच्या वावरात पुन्हा ज्वारी उभी आहे. कित्येक वर्षं तिथे सोयाबीनच येत होतं. दिवाळीच्या आत काढायचं, पोती भरायची, की वावर रिकामं. सोयाबीनकडे पाखरं ढुंकून पाहत नाहीत, त्यामुळे कार्तिकातल्या सकाळी इकडे अगदी गप्प होऊन गेल्या होत्या. यंदा पुतण्याने हौसेने ज्वारीचा एक पट्टा पेरला, आणि परवा मी चहा गाळत असताना तो आवाज आला. शेकडो चिमण्या एकदम कणसांवर उतरतात तेव्हा होतो तो, कुणी सुपात वाळू पाखडावी तसा. मी गाळणी हातात धरून तशीच उभी राहिले. चहा गार झाला.

त्याच दिवशी, नातवंडांनो, तुमचा फोन आला. मीराला सातचा पाढा पाठ करायचा होता आणि ईशान तिच्या प्रत्येक ओळीच्या आधी उत्तर सांगून मोकळा होत होता. मीरा रडकुंडीला आली. मी इथून ओरडले, "ईशान, तिची ओळ तिला म्हणू दे!" फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की एका दिवसात ज्वारीही आली आणि पाढाही आला. माझ्यासाठी या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. एका हिवाळ्यात त्या एकमेकींत अशा मिसळल्या, की आजही कुणी "सतरा एके सतरा" म्हटलं तर मला हिरव्या कणसांचा गोडसर वास येतो. तो हिवाळा तुमच्यासाठी लिहून ठेवावा असं वाटलं.

मी तेव्हा या गावात नवी सून होते. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. गुरुजींनी शाळेच्या भिंतीवर नव्या राज्याचा नकाशा रंगवून घेतला होता आणि त्यात आमच्या एवढ्याशा गावाचा ठिपका नागपूरच्या ठिपक्याहून मोठा काढला होता. मी त्या नागपूरची. वडील रेल्वेत असल्यामुळे मी इंग्रजी शाळेत शिकले होते. घरात कपाटातल्या वस्तूंना जागा ठरलेल्या, दिवसाला वेळापत्रक ठरलेलं. सासरी आल्यावर पहिल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "बरं झालं माय, आता डाळीले आपलं नाव समजलं."

तुमची मलकापूरची सुमनआत्या तुम्हाला माहीत आहे. ती माझ्या थोरल्या दिरांची मुलगी, तेव्हा चौथीत होती. पायांत वाळे, केसांची एक वेणी कायम सुटलेली, आणि आवाज असा की विहिरीच्या काठावरून तिने हाक मारली तर गावातली म्हैस मान वळवायची. त्या वर्षी जाऊबाई बाळंतीण होत्या, नेहमीचा राखणदार काम सोडून गेला होता आणि ज्वारी दाण्यावर आली होती. दाणा दुधात असताना पाखरं राखली नाहीत तर कणसांची नुसती पिसं उरतात. मचाणावर कुणीतरी बसायलाच हवं होतं. घरात मोकळी अशी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे सुमन.

थोरल्या दिरांना आमच्याकडे भासरे म्हणतात. धाकट्या सुनेने भासऱ्यांशी थेट बोलायचं नाही, अशी तेव्हाची रीत. ते ओट्यावर बसलेले, मी दाराच्या आत, आणि सासूबाई मध्ये उंबऱ्याशी.

मी म्हणाले, "आई, सुमनची शाळा बुडेल हो."

सासूबाईंनी हातभर अंतरावरच्या मुलाकडे तोंड केलं. "धाकली म्हंते, पोरीची शाळा बुडते."

"आयकू आलं मले," भासरे म्हणाले. "तिले सांग, पाखरं काय शाळेची सुटी पाहून येतात?"

"पाखरं काय सुटी पाहून येतात, म्हंते."

"सुमन मागे पडेल, आई. गुरुजी तिला परत तिसरीत बसवतील."

हे सासूबाईंना पुन्हा सांगावं लागलं नाही. भासरे थोडा वेळ सुपारी कातरत राहिले आणि मग त्यांनी आपल्या मनातलं सरळ सांगून टाकलं. "चौथी पास झाली त अमडापूरले पाचवीत टाकीन, हा शब्द हाय माहा. पन मागं बसली त मंग घरीच राहीन. एका वर्गाले दोनदा कोन पाठवते पोरीले?"

ते कठोर नव्हते. त्यांच्या काळातल्या बहुतेक बापांनी पाचवीचा शब्दच दिला नसता. पण त्या शब्दाला लावलेली अट सुमनने चुलीमागून ऐकली होती, आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

मी गुरुजींना निरोप पाठवला. एका खोलीत चार वर्ग सांभाळणारे ते एकटे गुरुजी. त्यांनी उलट कळवलं, बाकी वाचन-लेखन मी सांभाळून घेईन, पण पाढ्यांत सूट नाही. सोंगणी-कापणी झाली की पोरीला घेऊन या. तिसापर्यंतचे पाढे, कुठलाही, कुठूनही विचारीन. आले तर चौथीच्या रांगेत, नाही तर तिसरीच्या.

आता मुलांनो, एक गंमत सांगते. मला स्वतःला बाराच्या पुढे पाढे येत नव्हते. आमच्या इंग्रजी शाळेत "ट्वेल्व्ह ट्वेल्व्ह्ज आर वन फॉर्टी-फोर" झालं, की सिस्टर पुस्तक मिटायच्या. सुमनला हे सांगितलं तर तिने डोळे मोठे केले.

"काकू, तुमचे पाढे बाराले थांबते काऊन?"

"इंग्रजांचं बारावर भागत असे गं. बारा पेन्सचा एक शिलिंग."

"अन् तेरा आले त?"

"तेरा आले तर कागद-पेन्सिल घ्यायची."

"मंग मचानावर काय करत असतीन ते इंग्रज?" तिने अगदी काळजीने विचारलं.

मी बेरजा करकरून तेरापासून तीसपर्यंतचे पाढे एका पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिले, खाली तांबड्या शाईने रेघा मारल्या आणि वेळापत्रकही आखलं: सकाळी नवा पाढा, दुपारी उजळणी, ऊन कलताना कालचा. सुमनने पुठ्ठा मचाणाला सुतळीने टांगला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर रात्रीच्या दवाने सगळी शाई उतरून पुठ्ठ्यावर निळं-तांबडं आभाळ झालं होतं. त्यात एकही आकडा ओळखू येत नव्हता. सुमन हसत सुटली आणि मग मीही हसले. त्यानंतर पाढे कागदावर राहिलेच नाहीत. मी न्याहारीची भाकर घेऊन जायची, मचाणाखाली उभी राहून नवा पाढा एकदा म्हणून दाखवायची आणि ती वरून ऐकायची.

मचाण म्हणजे चार खांबांवर बांधलेली, तुमच्या बंक बेडएवढी जागा. वर तुराट्यांचा आडोसा. वर चढलं की सगळं वावर खाली एका पातळीत दिसायचं, कणसांचा पांढरट-हिरवा गालिचा, आणि त्याच्या कडेने कपाशीचं फुटलेलं पांढरं. सकाळच्या धुक्यात फक्त कणसं वर आणि आपण वर. हातात गोफण. गोफण सुटली की तिचा कडाका आभाळात फुटायचा आणि पाखरांचा थवा चादर झटकावी तसा उठायचा. उठायचा खरा, पण जायचा कुठे? धुऱ्यापलीकडे. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध.

धुऱ्यापलीकडचं वावर गफ्फारभाईंचं. ते विहिरीवर भाजी करायचे, वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि वरच्या अंगाला थोडी ज्वारी. ती राखायला त्यांची नूरी बसायची, सुमनच्याच वयाची, किरकोळ अंगाची, डोक्याला बांधलेली ओढणी कायम मागे घसरलेली. नूरी शाळेत जात नव्हती. पण गफ्फारभाई मोट हाकताना बैलांना पाढे ऐकवायचे. दुसऱ्या कुणी गाणं म्हटलं असतं, ते पाढे म्हणत, आणि विहिरीच्या त्या करकरीत नूरीला तीसपर्यंतचे पाढे आपोआप येऊन बसले होते.

पहिल्यांदा कुणी सुरू केलं ते मला माहीत नाही. एके सकाळी मी भाकर घेऊन निघाले, तर लांबूनच ऐकू आलं. इकडून सुमन ओरडली, "सतरा एके सतरा!" आमच्या कणसांवरचा थवा उठला आणि धुरा ओलांडून नूरीच्या ज्वारीवर गेला. तो उतरायच्या आत तिकडून आवाज आला, "सतरा दूनी चौतीस!" थवा परत इकडे. "सतरा त्रिक एक्कावन्न!" थवा तिकडे. "सतरा चौके अडसठ!"

मी वाटेतच थांबले. पाढा पाखरांच्या मागे मागे चालला होता. एक ओळ मराठी, एक ओळ हिंदी, मध्ये धुरा. दहापर्यंत आला की दोघी मिळून किंचाळायच्या आणि चिमण्या, मैना, राघू, सगळे कंटाळून नदीकडे निघून जायचे. मग दोघी धुऱ्यावरच्या बोरीखाली येऊन बसायच्या. सुमनच्या भाकरीवरचा ठेचा नूरीला हवा असायचा, नूरीच्या ओटीतली कोवळी वांगी सुमनला. कधी चार कणसं भाजून हुरडा व्हायचा. तोंडं काळी, हात काळे.

"सुमन, तेरी आवाज तो फटी हुई है," नूरी चिडवायची. "मेरी सुनके भागते पाखरू."

"तुही आयकून त ते माह्याकडे पळत येतात, बे!"

मला ती पद्धत फार आवडली होती. माझ्या वेळापत्रकापेक्षा कितीतरी चांगली. इंग्रजीत आमचे पाढे कवायत करणाऱ्या शिपायांसारखे होते, सगळ्यांचा पोशाख एक, "आर" आणि "आर". आपल्याकडे मात्र प्रत्येक आकड्याला पाढ्यात वेगळं नाव मिळतं. दोन असतो तो दुणे होतो, चार असतो तो चोक होतो, सहा असतो तो सक होतो. आणि धुऱ्यापलीकडे गेला की तोच सहा छक्के होतो. मला वाटायचं, आकडासुद्धा घर पाहून आपलं नाव बदलतो, सासरी आलेल्या मुलीसारखा. असं काहीतरी मनात घोळवत मी रिकामी टोपली घेऊन घरी यायची, आणि सासूबाई विचारायच्या, "झाले का पाढे?" मी म्हणायची, "छान होताहेत."

तेरा झाला, चौदा झाला. एकोणीस सगळ्यांत अवघड गेला, तो दोघींनी जास्त वेळा म्हटला, त्यामुळे त्या दिवसांत पाखरंही कमी आली असं सुमन शपथेवर सांगते. दाणा दुधातून चिकात आला, चिकातून कडक झाला. तुरीला पिवळी फुलं लागली. धुकं उशिरापर्यंत रेंगाळायला लागलं. मग एक दिवस विळे आले आणि सोंगणी उरकली. मचाण उतरवलं. वावर एकदम बुटकं झालं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं होतं. संध्याकाळी दिवा लावल्यावर मी सुमनला समोर बसवलं. चुलीवर पिठलं रटरटत होतं, सासूबाई भाकऱ्या थापत होत्या.

"तेवीस पंचे?"

"एकशे पंधरा."

"सतरा साते?"

"एकशे एकोणीस."

"शाब्बास. सतरा सक?"

सुमन गप्प.

"सतरा सक, सुमन."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, राहू दे, दुसरं विचारू. "एकोणीस चोक?" गप्प. "बावीस आठे?" गप्प. "बावीस नव्वे?" "एकशे अठ्ठ्याण्णव!" ते ताडकन आलं.

मला काही उमजेना. मी पुन्हा विचारलं, "सतरा सक?"

तेव्हा सुमन फार समजूतदारपणे, जणू मलाच काही माहीत नाही अशा स्वरात म्हणाली, "ते ओळ नूरीची हाय ना, काकू."

सासूबाईंची थाप मध्येच थांबली. मी पुन्हा पाढा मनात मांडून पाहिला. एके सुमनचं, दुणे नूरीचं. त्रिक सुमनचं, चोक नूरीचं. सक, आठे, दाहे, सगळे नूरीचे. अख्ख्या हंगामात सुमनने त्या ओळी एकदाही तोंडाने म्हटल्या नव्हत्या. तिच्या जिभेवर अर्धेच पाढे होते, तेरापासून तीसपर्यंत अर्धे. आणि गुरुजी "कुठूनही" विचारणार होते.

आम्ही राहिलेल्या ओळी घोकायला बसलो. जेवढं घोकावं तेवढा गुंता वाढला. आता तिला साते विचारलं तरी ती अडखळायला लागली. "काकू, मी तिसरीत बसू का मंग? की घरीच राहू?" भासरे ओट्यावर होते, त्यांना ऐकू जात होतं. त्यांची सुपारी कातरण्याची लय थांबली.

सासूबाईंनी परात सरकवली. "बस कर वं आता. पोरीचं डोकं काय मोट हाय का, सारखं उपसाले? जेव अन् झोप." मग माझ्याकडे पाहून, "उद्या तू जाय तिच्यासंगं."

आमच्या घरातल्या सुना शाळेच्या पायरीपर्यंत जात नसत. मी गेले. डोक्यावरून पदर घेऊन दाराबाहेर उभी राहिले. आत चार रांगांत पोरं तरटांवर बसलेली, भिंतीवर तो मोठ्या ठिपक्याचा नकाशा. सुमन तिसरीच्या आणि चौथीच्या रांगेच्या मधल्या मोकळ्या पट्टीत उभी. तिला कुठे बसायचं ते अजून ठरलेलं नव्हतं.

गुरुजी मान वर न करता फळा पुसत पुसत विचारत होते. "एकवीस पंचे?" आलं. "सव्वीस त्रिक?" आलं. माझी मूठ सैल झाली. मग ते म्हणाले, "सतरा सक?"

सुमनने आढ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. खिडकीतून वावरांकडे जाणारी पांदण दिसायची, तिच्यापुढे सोंगून ठेवलेली वावरं. ती बराच वेळ तिकडेच बघत होती. गुरुजी वळले, हातात खडू. "नाही येत?"

आणि सुमनने तोंडाशी दोन्ही हात धरले, जसे ती मचाणावर धरायची, आणि ओरडली, "सतरा छक्के एक सौ दो!"

गुरुजींच्या हातातला खडू खाली पडला. पोरं खदाखदा हसली. दाराशी मी पदर तोंडात धरला.

"एकोणीस आठे?" गुरुजी ओरडलेच, हसू दाबायला.

"उन्नीस अट्ठे एक सौ बावन!"

"तेवीस चोक?"

"तेईस चौके बानवे!"

आवाज सुमनचा होता, पण हेल हुबेहूब नूरीचा. ओळीच्या शेवटी तशीच मान उडवणं, तसंच "सौ" लांबवणं. ज्या ओळी तिने हंगामभर कधी म्हटल्या नव्हत्या, त्या तिने रोज ऐकल्या होत्या, आणि जशा ऐकल्या तशाच त्या तिच्या आत होत्या. रात्री मी त्या मराठीत शोधत बसले होते.

गुरुजींनी पोरांना गप्प केलं. "सुमन, ही मराठी शाळा आहे. एक सौ दो म्हणजे किती?"

"एकशे दोन."

"मग तसं सांग की."

"तसं येत नाही, गुरुजी. ते नूरीचं हाय. तिच्यासारखंच येते."

गुरुजींनी खडू उचलला, धोतराला पुसला. नूरीला ते ओळखत होते. गफ्फारभाईंकडची मेथी त्यांच्याही घरी जायची. त्यांनी फक्त चौथीच्या रांगेकडे हात केला. "सरका रे जरा. हिला जागा द्या."

सुमन बसली. मांडी घातली, ओढून ओढून परकर पायावर घेतला, आणि मग दाराकडे बघून मला म्हणाली, "तुम्ही जा आता, काकू." मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी ओट्याकडे तोंड केलं. "धाकली म्हंते, चौथीत बसवलं." भासरे म्हणाले, "आयकू आलं मले." त्यांनी अडकित्ता उचलला आणि सुपारी पुन्हा कातरली जाऊ लागली.

शाळा सुटल्यावर सुमन घरी आली नाही. मी तिला शोधत वावराकडे गेले तर ती धुऱ्यावर उभी होती. पलीकडे नूरी मेथीच्या वाफ्यात उकिडवी बसून जुड्या बांधत होती. दोघींच्या मध्ये आता ज्वारी नव्हती, त्यामुळे ओरडायची गरज नव्हती, तरी त्या ओरडूनच बोलत होत्या.

"मेरे वाले पूछे क्या?"

"हाव. तीन पुसले."

"फिर?"

"सांगतले. तू म्हंतेस तसेच."

"जोर से बोली ना?"

"मंग! गुरुजीच्या हातातला खडूच पडला."

नूरी कधी शाळेच्या आत गेली नाही. पुढेही नाही, दोन-तीन वर्षांत तिचं मेहकरकडे लग्न होऊन गेलं. पण त्या संध्याकाळी ती वाफ्यातून उठली, मेथीच्या मुळ्यांची माती लागलेले ओले हात झग्याला पुसले आणि विहिरीकडे तोंड करून, दोन्ही वावरांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने हाक मारली,

"अब्बा! अपना पाढा पास हो गया!"